एन-३ नंतरची जपानी: वाचायची कशी, लिहायची कशी

पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्यांसाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-३ पर्यंतची वाट आता मळलेली आहे (एन-५ ही सर्वांत सोपी पातळी, एन-१ सर्वांत अवघड). वर्ग आहेत, ठरलेली पुस्तकं आहेत, सोबतीला मित्रमंडळी असतात. खरी पंचाईत होते ती त्यानंतर. एन-२, एन-१ च्या तयारीची पुस्तकं आणून पाठांतर सुरू होतं, परीक्षाही निघते, पण जपानी वर्तमानपत्राचा अग्रलेख समोर आला की दुसऱ्याच वाक्यात पाय अडकतो. आणि टोकियोच्या ऑफिसला दोन परिच्छेदांचा मेल लिहायचा तर अख्खी सकाळ जाते. हा लेख त्या टप्प्यावर उभ्या असलेल्यांसाठी आहे.

असं का होतं, याचं एक कारण परीक्षेतच आहे. एन-१ ला १८० पैकी १०० गुण लागतात आणि भाषाज्ञान, वाचन, श्रवण या तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९ मिळवावे लागतात. पण सगळे प्रश्न पर्यायी. स्वतःच्या मनानं एक ओळही लिहावी लागत नाही. म्हणजे एन-१ चं प्रमाणपत्र हातात असलेल्या माणसानं जपानीत एकही निबंध लिहिलेला नसणं सहज शक्य आहे. लिहायला वेगळं शिकावं लागतं आणि ते परीक्षा झाल्यावर नव्हे, तयारीच्या बरोबरीनंच सुरू करावं लागतं.

दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. आपण जपानी शिकतो ती इंग्रजीतून. कोश इंग्रजी, अ‍ॅप इंग्रजी, व्याकरणाची स्पष्टीकरणं इंग्रजी. सुरुवातीला त्याला इलाज नसतो. पण जपानी वाक्याची बांधणी मराठीच्या इतकी जवळ आहे की इंग्रजीचा वळसा घालणं म्हणजे आपल्या हातातलं सर्वांत मोठं बळ सोडून देणं. पुढचं सगळं मी याच भरवशावर सांगणार आहे.

(जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. ‘ऽ’ दिसेल तिथे आधीचा स्वर लांबवायचा.)

पहिली पायरी: कोश बदला

एन-३ झाला की जपानी-इंग्रजी कोश दुय्यम करा आणि जपानी-जपानी कोश, म्हणजे ‘कोकुगो जितेन’, वापरायला लागा. पहिले काही आठवडे जीव मेटाकुटीला येतो, कारण एका शब्दाचा अर्थ पाहताना त्या अर्थातले आणखी दोन शब्द अडतात. तेही पाहा. कोशातली व्याख्या नेमक्या, औपचारिक, लिखित जपानीत असते, म्हणजे तुम्हाला पुढे जी भाषा लिहायची आहे तिचाच तो नमुना. शालेय मुलांसाठीच्या कोकुगो जितेनपासून सुरुवात केली तर चढ सौम्य होतो. त्यात व्याख्या सोप्या असतात आणि कांजींवर, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थवाहक चिन्हांवर, उच्चार छापलेले असतात. छापील कोशाचा क्रम तर आपल्या घरचाच आहे: अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम लिपीतून संस्कृतचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम तिकडे रुजला.

दुसरी पायरी: कांजी सुटी पाठ करणं थांबवा

सरकारी ‘जोऽयोऽ कांजी’ (नित्य वापराच्या कांजी) यादीत २०१० पासून २१३६ चिन्हं आहेत. त्यांतली १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवली जातात. २१३६ हा आकडा ऐकून घाबरणारे बहुतेकजण प्रत्येक चिन्ह स्वतंत्र चित्र म्हणून पाठ करत असतात. प्रगत टप्प्यावर हे चालत नाही. बहुसंख्य कांजींमध्ये एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे, ही जोडणी ओळखायला लागा.

‘निळा’ या अर्थाचं चिन्ह घ्या, त्याचा चिनी वळणाचा उच्चार ‘सेइ’. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की ‘निर्मळ’, सूर्य लावला की ‘निरभ्र आकाश’, बोलण्याचं चिन्ह लावलं की ‘विनंती’, तांदळाचं लावलं की ‘सत्त्व, अर्क’. चौघांचाही उच्चार ‘सेइ’. असे गट वहीत एका पानावर एक याप्रमाणे मांडले की अनोळखी चिन्हाचा उच्चारही अंदाजानं सांगता येतो. अंदाज दर वेळी बरोबर येईल असं नाही. ‘मंदिर’ या चिन्हाच्या गटात ‘काळ’ आणि ‘धरणे’ यांचा उच्चार ‘जि’, ‘कविता’चा ‘शि’ आणि ‘वाट पाहणे’चा ‘ताइ’. तरीही कोशात शोधायला सुरुवात कुठून करायची हे कळतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

डाव्या भागांची नावंही शिका: पाण्याचं ‘सान्झुइ’, बोलण्याचं ‘गोन्बेन’, तांदळाचं ‘कोमेहेन’. जपानी माणसं फोनवर नाव सांगताना याच शब्दांत कांजी समजावतात.

एकाच चिन्हाचे अनेक उच्चार हा दुसरा जाच. ‘जगणे’ या अर्थाच्या चिन्हाला अधिकृत यादीतच दोन ‘ओन’ (चिनी वळणाचे) आणि दहा ‘कुन’ (अस्सल जपानी) उच्चार आहेत. ही यादी पाठ करू नका. चिन्ह शब्दातच शिका. मागे हिरागाना या उच्चारलिपीची शेपटी असेल तर बहुधा कुन, दोन कांजी एकमेकींना चिकटून असतील तर बहुधा ओन, एवढा नियम घेऊन वाचत राहिलात की उच्चार शब्दासकट बसतात.

हातानं किती कांजी लिहिता याव्यात, यावर मतं वेगळी आहेत. माझ्या मते २१३६ ओळखता याव्यात आणि शाळेच्या १०२६ न बघता लिहिता याव्यात. त्यापुढची मेहनत ज्याला आवड आहे त्यानं करावी. त्यासाठी जपान्यांचीच ‘कांजी केन्तेइ’ ही परीक्षा आहे. तिच्या दुसऱ्या पातळीत सगळ्या जोऽयोऽ कांजी येतात.

तिसरी पायरी: वाक्य मराठीच्या अंगानं सोडवा

इथे थोडं थांबू, कारण वाचनाचा सगळा वेग याच पायरीवर ठरतो. बातमीत शोभेल असं एक वाक्य घेऊ:

‘सेइफु वा, गोगात्सु नि ओकोनावारेता चोऽसा नो केक्का ओ उकेते, आताराशिइ ताइसाकु ओ केन्तोऽ सुरु होऽशिन ओ कातामेता.’

आता शब्दांचा क्रम न हलवता मराठीत म्हणा: सरकारनं, मे महिन्यात झालेल्या पाहणीचा निष्कर्ष लक्षात घेऊन, नव्या उपायांचा विचार करण्याचं धोरण पक्कं केलं.

एकही शब्द जागचा हलला नाही. ‘ओकोनावारेता चोऽसा’ म्हणजे ‘झालेली पाहणी’, विशेषण आधी, नाम नंतर. ‘उकेते’ म्हणजे ‘घेऊन’, आपलं ऊन-प्रत्ययान्त रूप. हेच वाक्य इंग्रजीत नेऊन समजून घ्यायचं तर ते शेवटाकडून उलटं सोडवावं लागतं, आणि लांब वाक्यांत दम लागतो तो तिथेच. मराठीत मात्र डोळा वरून खाली सरळ जात राहतो. पंधरा दिवस रोज पाच वाक्यं अशी क्रम न हलवता मराठीत मोठ्यानं म्हणून बघा. मराठी थोडी ओबडधोबड झाली तरी चालेल.

सहायक क्रियापदांतही हेच. ‘योंदे मिरु’ म्हणजे वाचून बघणे, ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे, ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे खाऊन टाकलं. ‘वाताशि वा निहोंगो गा देकिरु’ यात ‘ओ’ न येता ‘गा’ का येतो, हे समजवायला इंग्रजी पुस्तकांना अर्धं पान लागतं. आपण ‘मला जपानी येतं’ असंच म्हणतो. अकर्मक-सकर्मक जोड्या घ्या: ओचिरु-ओतोसु, कोवारेरु-कोवासु. ज्यांच्या भाषेत पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे आहे त्यांना ही कल्पना नव्यानं शिकवावी लागत नाही.

मराठी जिथे दगा देते त्या जागाही माहीत हव्यात. सर्वांत महत्त्वाची ‘वा’ आणि ‘गा’ यांची. ‘चिचि वा हाहा गा काइता तेगामि ओ योंदा’, म्हणजे ‘बाबांनी आईनं लिहिलेलं पत्र वाचलं’. मराठीत दोन्हीकडे ‘नं’, त्यामुळे कोण वाचतंय आणि कोण लिहितंय हे अर्थावरून ठरतं. जपानीत ते प्रत्ययच सांगतो: पोटवाक्यातला ‘गा’ जवळच्या क्रियापदाला धरतो, तर ‘वा’ मधलं सगळं ओलांडून बहुधा वाक्याच्या शेवटच्या क्रियापदापर्यंत पोहोचतो. तीन-चार ओळींचं वाक्य आलं की आधी ‘वा’ शोधा, मग थेट शेवटचं क्रियापद बघा, आणि ही दोन टोकं हातात आल्यावरच मधलं वाचा.

दुसरी अडचणीची जागा देण्याघेण्याची. ‘करून दिलं’ हे मराठीत मी दुसऱ्याला आणि दुसऱ्यानं मला, दोन्हीकडे चालतं. जपानीत माझ्याकडे येणारं ‘कुरेरु’ आणि माझ्याकडून जाणारं ‘आगेरु’. जपानी लेखात कर्ता बऱ्याचदा लिहिलेलाच नसतो, तेव्हा कोणी कोणासाठी केलं हे या क्रियापदावरूनच ओळखायचं असतं.

चौथी पायरी: काय वाचावं, कोणत्या क्रमानं

एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या एन-३ वाल्यांना पेलतात. पण तिथे फार दिवस रेंगाळू नका. भाषा मुद्दाम सोपी केलेली असल्यानं लांब वाक्यांची सवय तिथे लागत नाही. त्यानंतर ‘आओझोरा बुंको’ या संकेतस्थळावर या. १९९७ पासून चालणाऱ्या या उपक्रमात हक्कमुदत संपलेलं जपानी साहित्य मोफत वाचता येतं. प्रत्येक कृतीसमोर ती कोणत्या लेखनपद्धतीत आहे हे लिहिलेलं असतं. सुरुवातीला ‘शिंजि शिंकाना’, म्हणजे नवी चिन्हं आणि नवं कानालेखन (उच्चारलिपीतलं लेखन), एवढंच निवडा. १९४६ च्या लेखनसुधारणेआधीच्या जुन्या वळणाकडे नंतर जाता येईल. नीमि नान्किचि यांची ‘गोंगित्सुने’ ही कोल्ह्याची गोष्ट आधी वाचा, ती जपानी मुलांना चौथीच्या पाठ्यपुस्तकात असते. छोटी आहे, भाषा स्वच्छ आहे आणि शेवट मनाला लागून राहतो.

कथेइतकंच विवेचक गद्य महत्त्वाचं. जपानमध्ये ‘शिन्शो’ नावाचा खिशात मावणाऱ्या माहितीपर पुस्तकांचा प्रकार आहे. एका विषयावर एक तज्ज्ञ सामान्य वाचकासाठी लिहितो. त्यातल्या ‘इवानामि ज्युनिअर शिन्शो’ आणि ‘चिकुमा प्रायमर शिन्शो’ या मालिका किशोरवयीन वाचकांसाठी आहेत. एन-२ च्या आसपास असलेल्यांना यापेक्षा चांगलं खाद्य नाही: वाक्यं खरी, विषय प्रौढ, कठीण शब्दांना आधार. तुमच्या कामाचा किंवा आवडीचा विषय घ्या. विषय ओळखीचा असला की अर्धे शब्द आपोआप उलगडतात.

वाचताना सगळे शब्द कोशात शोधू नका. पहिल्या वाचनात खूण करत पुढे जा, दुसऱ्या वाचनात दोनदा अडलेलेच शोधा. आणि रोज एक परिच्छेद मोठ्यानं वाचा. कांजीचा उच्चार येत नसताना नुसता अर्थ ओळखून पुढे सरकायची खोड मनातल्या मनात वाचताना लपून जाते, मोठ्यानं वाचताना लगेच पकडली जाते.

पाचवी पायरी: लेखकाचं मत कुठे आहे ते हुडका

अग्रलेखात लेखक आपलं मत सरळ ठणकावून सांगत नाही. ‘ताशिका नि’ किंवा ‘मोचिरोन’ म्हणून तो आधी समोरच्याचं म्हणणं मान्य करतो, मग ‘शिकाशि’ (पण) येतो, आणि त्याचं मत असतं ते या ‘शिकाशि’नंतर. दुसरी खूण वाक्याच्या शेवटी: ‘नो देवा नाइ दारोऽ का’. याला खरा प्रश्न समजलात तर अर्थ उलटा होतो. ‘हे अन्यायाचं नव्हे काय?’ असं मराठी अग्रलेखकार विचारतो तेव्हा आपण उत्तर द्यायला बसत नाही, तसंच इथे.

‘तोवा कागिरानाइ’ म्हणजे ‘असेलच असं नाही’. ‘वाके देवा नाइ’ म्हणजे ‘याचा अर्थ असा नव्हे की’. बातमीत ‘तो शिते इरु’ आलं की तो त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा दावा असतो, पत्रकाराचा निष्कर्ष नव्हे. असे वाक्यशेवट एका कागदावर लिहून टेबलासमोर लावा. एन-१ च्या वाचनविभागात चुकीचे पर्याय बहुतेकदा याच गोंधळावर बेतलेले असतात.

सहावी पायरी: लिहायला बसा

सुरुवात स्वतःच्या विचारांनी करू नका, नकलेनं करा. आसाहि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ‘तेन्सेइ जिंगो’ हे छोटं सदर येतं. ते हातानं उतरवून काढण्यासाठी खास वह्या विकल्या जातात आणि जपानी माणसंही हा सराव करतात. असा मजकूर आधी मोठ्यानं वाचा, मग एक वाक्य डोक्यात धरून न बघता लिहा आणि ताडून पाहा. जिथे चुकलात ती तुमची कच्ची जागा. बहुतेकांची कच्ची जागा कांजी नसते, प्रत्यय असतो.

त्यानंतर सारांश. सहाशे अक्षरांचा मजकूर दोनशे अक्षरांत आणा. जपानीत लेखनाची लांबी शब्दांत नव्हे, अक्षरांत मोजतात. ‘गेन्कोऽ योऽशि’ या चौकटीच्या कागदावर पानाला चारशे घरं असतात. परिच्छेदाचं पहिलं घर रिकामं, विरामचिन्हाला स्वतंत्र घर, छोट्या ‘त्सु’लाही स्वतंत्र घर, आणि ओळीची सुरुवात पूर्णविरामानं कधीच नाही. जपानमधल्या विद्यापीठांत शिकायला जाऊ इच्छिणाऱ्यांच्या ‘र्‍यूऽगाकु शिकेन’ परीक्षेत लेखनाचा भाग असतो: ३० मिनिटांत ४०० ते ५०० अक्षरं. तुम्हाला जपानला जायचं नसलं तरी महिन्यातून दोनदा घड्याळ लावून हा सराव करा.

निबंधात बोली आणि लिखित शैली यांची सरमिसळ हा आपला सर्वांत मोठा दोष. एक वाक्य जवळून बघू. वर्गात हमखास दिसणारं वाक्य असं असतं: ‘केइताइ वा बेन्रि दाकेदो, कोदोमो नि वा तोतेमो योकु नाइ तो ओमोइमासु.’ म्हणजे ‘मोबाइल सोयीचा आहे, पण मुलांसाठी अजिबात चांगला नाही असं मला वाटतं.’ अर्थ कळतो, व्याकरणही चुकलेलं नाही. पण हे बोलणं आहे. लिखित रूप असं: ‘ताशिका नि केइताइ देन्वा वा बेन्रि दे आरु. शिकाशि, कोदोमो ए नो आकुएइक्योऽ वा केइशि देकिनाइ.’ काय बदललं? ‘दाकेदो’ गेलं आणि वाक्याची दोन वाक्यं झाली. ‘केइताइ’चं पूर्ण नाव आलं. ‘तोतेमो योकु नाइ’ या गुळगुळीत शब्दांऐवजी ‘दुष्परिणामाकडे दुर्लक्ष करता येणार नाही’ असा नेमका शेवट आला. आणि ‘तो ओमोइमासु’ पूर्ण गळालं. निबंध तुमचाच आहे, मत तुमचंच असणार. दर वाक्याला ‘मला वाटतं’ लिहिल्यानं ते मिळमिळीत होतं.

असेच काही बदल हाताला लावून घ्या: ‘देमो’ऐवजी ‘शिकाशि’, ‘दाकारा’ऐवजी ‘शितागात्ते’, ‘दान्दान’ऐवजी ‘शिदाइ नि’, ‘झेन्झेन’ऐवजी ‘मात्ताकु’. एकदा ‘दे आरु’ शैली घेतली की शेवटपर्यंत तीच, मध्येच ‘देसु-मासु’ नको. प्रत्येक वाक्य ‘वाताशि वा’नं सुरू करू नका, आणि ‘आणि’ म्हणून ‘सोशिते’ पेरत बसू नका. औपचारिक लेखनात प्रश्नचिन्हही लागत नाही, ‘का’ आणि पूर्णविराम पुरतो.

मग येतात शब्दांच्या ठरलेल्या जोड्या. मराठीत उपाय ‘योजतात’, भूमिका ‘बजावतात’, तिथे ‘करतात’ लिहिलं की भाषा परकी वाटते. जपानीतही ताइसाकु (उपाय) ‘कोऽजिरु’, याकुवारि (भूमिका) ‘हातासु’, एइक्योऽ (परिणाम) ‘ओयोबोसु’. या जोड्या तर्कानं सापडत नाहीत, वापरात शोधाव्या लागतात. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेनं आजच्या लिखित जपानीचा दहा कोटींहून अधिक शब्दांचा संग्रह उभा केला आहे. ‘शोऽनागोन’ या तिच्या मोफत शोधसोयीत एखादं नाम टाका आणि पुढे कोणतं क्रियापद पुन्हा पुन्हा येतं ते स्वतः बघा. लिहिताना शंका आली की यंत्र-अनुवादाला विचारण्याआधी इथे विचारा.

सातवी पायरी: कामाचे मेल

‘शिर्‍योऽ ओ ओकुरिमाशिता. काकुनिन शिते कुदासाइ.’ (‘कागदपत्रं पाठवली. तपासून पाहा.’) हे व्याकरणशुद्ध आहे, पण ग्राहकाला लिहिताना हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘शिर्‍योऽ ओ ओ-ओकुरि इताशिमाशिता. गो-काकुनिन नो होदो, योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु.’ हे चालतं. बाहेरच्या कंपनीला ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’नं सुरुवात, व्यक्तीच्या नावाला ‘सामा’, विभागाच्या किंवा संस्थेच्या नावाला ‘ओन्च्यूऽ’. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला ‘र्‍योऽकाइ शिमाशिता’ न लिहिता ‘शोऽचि इताशिमाशिता’. समोरच्या कंपनीचा उल्लेख बोलताना ‘ओन्शा’ आणि लिहिताना ‘किशा’. ही वाक्यं स्वतः रचायची नसतात. आलेल्या चांगल्या मेलमधली वाक्यं प्रसंगानुसार साठवा: उशीर कळवणे, आठवण करणे, नकार देणे, माफी मागणे. नकाराची जास्त जमवा, तीच ऐन वेळी सुचत नाहीत.

टंकन करताना समोच्चारी शब्दांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ‘इजोऽ’ टाकलं की ‘वरीलप्रमाणे’ही येतं आणि ‘बिघाड’ही. यंत्रांच्या कारखान्यात पाठवलेल्या अहवालाच्या शेवटी ‘वरीलप्रमाणे’ऐवजी ‘बिघाड’ गेला तर फोन येणारच. ‘हाकारु’ या एका क्रियापदाच्या सहा कांजी आहेत: वेळ मोजणं, लांबी मोजणं, वजन करणं, बेत आखणं, कट रचणं, सल्ला विचारणं. पाठवण्याआधी मजकूर एकदा फक्त कांजी बघत वाचा.

आठवी पायरी: तपासून घेणं

न तपासलेलं लेखन म्हणजे चुकांचाच सराव. शिक्षक असतील तर उत्तम, नसतील तर ‘लँगकरेक्ट’सारख्या संकेतस्थळावर जपानी लोक मोफत तपासून देतात. तिथे तुम्हीही कुणाचं तरी लेखन तपासा, मग तुमच्याकडे मदत लवकर येते. एका वेळी दोनशे अक्षरांहून जास्त देऊ नका, लांब मजकूर कुणी मनापासून पाहत नाही. ‘व्याकरण बघा’ असं न म्हणता ‘जपानी माणूस हे असं लिहील का?’ असं विचारा, उत्तरं पूर्ण वेगळी मिळतात.

दुरुस्त होऊन आलेला मजकूर नुसता वाचून सोडू नका. मूळ वाक्य आणि दुरुस्त वाक्य एकाखाली एक लिहा, बाजूला कारण लिहा: प्रत्यय, जोडी, शैली की कांजी. आठवड्यानं तोच मजकूर कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा. दोन-तीन महिन्यांत कारणांच्या रकान्यात एकच शब्द सारखा दिसायला लागेल. पुढचा महिना फक्त त्याच्यासाठी ठेवा.

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे आणि मुंबई दोन्हीकडे केंद्रं आहेत. नोंदणी काही महिने आधी बंद होते, तेव्हा तारखांवर लक्ष असू द्या. एन-२ आणि एन-१ यांच्यामध्ये निदान एक वर्ष फक्त वाचन-लेखनासाठी मोकळं ठेवा आणि त्या वर्षात नमुना प्रश्नपत्रिका कपाटातच राहू द्या. परीक्षेच्या आधीचे दोन महिने त्यांना पुरतात.